सपाटीवरची थरथर

गोव्यातल्या डिचोलीत गॅरेजवाल्या केरबा मेस्ताच्या कानाला मोठा मान होता. गाडी गॅरेजच्या वळणावर आली की आत बसल्या जागेवरून तो सांगायचा, पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, नाहीतर सायलेन्सरची पट्टी सुटलीय, आणि बहुतेक वेळा तेच निघायचं. गाड्यांचं इतकं ऐकणारा हा माणूस माणसांचं मात्र फारसं ऐकत नसे. पण हात चांगला असला की लोक कारागिराचे असले दोष पोटात घालतात, तसे त्याचेही घातले होते.

केरबा मूळचा चंदगडकडचा. तरुणपणी घाट उतरून सुर्ल्याच्या खाणीवर आला, खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून राहिला, ट्रकखाली उताणा पडून पडून गाडीचं पोट पाठ केलं आणि मग सुर्ल्याच्या रस्त्यालाच पत्र्याची शेड टाकून बसला. आला तेव्हा सगळे त्याला ‘घाटी’ म्हणायचे. शिवी म्हणूनच म्हणायचे असं नाही, पण आईबापांनी ठेवलेलं नाव असताना त्या नावाने कोणी हाक मारत नाही, हे त्याला फार लागायचं. तो तेव्हा गप्प बसायचा.

मग गोव्याच्या राजभाषेचा वाद पेटला. कोंकणी की मराठी, यावरून गावोगाव सभा, घोषणा, रस्त्यात आडवी टाकलेली झाडं. डिचोली आणि पेडणे म्हणजे मराठीचे गड. इथली माणसं घरात आपली बोली बोलायची, पण त्यांची शाळा मराठी, कीर्तन मराठी, नाटक मराठी, लग्नाची पत्रिका मराठी, आणि त्यांचा जीव त्या भाषेत खरोखर गुंतलेला होता. या गडबडीत केरबाला अचानक भाव आला. सभेहून परतणारी मंडळी गॅरेजात चहाला टेकायची आणि म्हणायची, भाषा ऐकावी तर केरबाची, अस्सल मराठी. पुण्याच्या एखाद्या मास्तराने ती अस्सल मराठी ऐकली असती तर कानांवर हात ठेवले असते, पण पुणं लांब होतं. केरबा फुगला. गिऱ्हाइकांचे शब्द सुधारू लागला. ‘फाल्यां’ न्हवं, ‘उद्या’ म्हणा. ‘वयर’ न्हवं, ‘वर’. आणि मनाशी त्याने एक नेम धरला, की कोंकणी शब्द कानात शिरू द्यायचाच नाही. पुढे कायदा कोंकणीच्या बाजूने झाला, घटकराज्याचे झेंडे लागले, फटाके वाजले, तरी नेम सुटला नाही. उलट हरलेल्या माणसाचा नेम जास्तच कडक होतो.

त्याच दिवसांत पेडण्यातल्या तुये गावचा सगुण पिकप घेऊन त्याच्याकडे आला.

सगुण पन्नाशी ओलांडलेला, हळू आवाजात बोलणारा माणूस. पिकपमधून नारळ, लाकडं, कौलं वाहायचा, हा त्याचा धंदा. पण गावात त्याचं नाव होतं ते वेगळ्याच कारणाने. बाळंतिणीला म्हापशाच्या इस्पितळात न्यायचं असो, चवथीचा गणपती चित्रशाळेतून घरी आणायचा असो, लोक सगुणालाच बोलवायचे. सगुण चालवतोय म्हटल्यावर मांडीवर गणपती घेतलेला माणूससुद्धा डुलकी काढायचा. मराठीच्या मोर्च्याला गावची माणसं भरून पणजीला नेली होती तीही यानेच. एरवी त्याच्यात पुढे येऊन सांगण्यासारखं काही नव्हतं आणि त्याला ते सांगायची हौसही नव्हती. माणसाला एका गोष्टीपुरतं नाव असलं तरी पुरतं.

गॅरेजात नेहमीची चहाची मंडळी बसली होती. सगुण उतरला, टॉवेलने तोंड पुसलं आणि केरबाला म्हणाला, “मेस्त्री, गाडयेक चड दिलां काय ती थरथरता.”

आता ‘चड’ म्हणजे जास्त. रेस जास्त दिली, गाडी जोरात उचलायला गेलं, की ती थरथरते, एवढंच त्याला सांगायचं होतं. डिचोलीत हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक. खुद्द केरबाची बायको उषा दारावर आलेल्या मासळीवालीशी रोज याच शब्दावरून हुज्जत घालायची. पण केरबाच्या कानाचं दार बंद होतं. त्याने ऐकलं ‘चढ’.

त्याने सगुणाला शेजारी बसवून गाडी थेट चढावर नेली. चढावर रेस द्यावी लागतेच, त्यामुळे गाडी थरथरलीच. केरबाने मान डोलावली. चढाला गाडी अशी करते म्हणजे क्लचप्लेट, यात बघायचं काय. परत आल्यावर सगुण काहीतरी सांगू लागला, चड म्हणजे तसं नव्हे मेस्त्री, असं काहीसं. केरबाला वाटलं, हा उच्चाराबद्दलच बोलतोय. त्याने हात वर करून त्याला थांबवलं.

“चड न्हवं, चढ. मराठीसाठी मोर्चे काढता, पणजीपर्यंत गाड्या भरून नेता, आन साधा चढ म्हणाया येईना तुमास्नी?”

मंडळी हसली. सगुणही हसला, मान खाली घातली आणि पुढे काही बोलला नाही. केरबाला वाटलं, पटलं त्याला.

क्लचप्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्याआधी गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरत जाणारा लांब शाफ्ट काढावा लागतो. केरबाने तो काढला, काम झाल्यावर जागेवर चढवला आणि गाडीच्या पोटाला काळा रंग मारला. ही त्याची खासियत. केरबाच्या हातून गेलेली गाडी खालून चकाकलीच पाहिजे, जणू गाडी कोणी उलटी करूनच बघणार होतं.

काही दिवसांनी सगुण परत आला. थरथर गेली नव्हती, वाढली होती. त्याने ते अगदी जपून, शाळेतल्या पोराने धडा म्हणावा तसं, पुस्तकी मराठीत सांगितलं, पण ‘केव्हा थरथरते’ हे सांगायची पाळी आली तेव्हा अडखळला आणि गप्प झाला. केरबा वैतागला. आपलं काम परत आलं ही गोष्ट त्याला सहन होत नसे, आणि मंडळी समोरच बसलेली. त्याने गाडी जागच्या जागी चालू करून रेस दिली. इंजिन ठणठणीत, कंप नाही की काही नाही. मग तो म्हणाला, प्लेट नवी, इंजिन ठीक, आता उरलं कोण? चालवणारा.

“गाडीला कायबी झालेलं न्हाई, शेट. चढ दिसला की तुमीच थरथरताय, म्हणून ती थरथरतीय.”

यावर एवढं हसू झालं की कोणाचा तरी चहा सांडला. सगुण “बरें” म्हणाला, गाडीत बसला आणि गेला. केरबाला मात्र आपलाच विनोद आवडला. पुढे कितीतरी दिवस तो आल्यागेल्याला सांगायचा, तुयेचा एक ड्रायव्हर आहे, चढ बघितला की गाडीसकट थरथरतो, आमचा थरथऱ्या सगुण. ट्रकवाले ऐकायचे, बसचे कंडक्टर ऐकायचे आणि हसून आपापल्या वाटेने जायचे. गोष्ट कुठवर जाते याचा हिशेब सांगणारा कधी ठेवत नाही.

दुसऱ्या वर्षीचा पावसाळा उलटल्यावर तीच पिकप परत दारात उभी राहिली. चालवणारा मात्र दुसरा होता. संतोष नावाचा, बेळगावकडचा, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला म्हणून आलेला आणि आता ही गाडी चालवणारा. केरबाने विचारलं, मालक कुठाय? संतोषने सहज सांगितलं, मालक आता चालवत नाहीत. त्यांचा हात गेला म्हणतात. पहिल्यांदा बायामाणसं त्यांच्या गाडीत बसेनाशी झाली, मग आजारी माणसाला न्यायला लोक दुसरी गाडी बोलवू लागले. परवाच्या चवथीला गणपती आणायलासुद्धा कोणी सांगितलं नाही. आपल्या शेजारी बसतात कधी कधी, पण गाडी थरथरली की डोळे मिटून घेतात.

केरबा म्हणाला, चढाला थरथरत असंल.

“न्हाई ओ,” संतोष म्हणाला. “सपाटीला सुदिक. रेस जास्त दिली की थरथरतीय, सोडली की गप.”

रेस जास्त दिली की. केरबाने ते वाक्य मनात एकदा फिरवलं, आणि तो नेम वगैरे विसरला गेला, ते वाक्य पेडण्याच्या बोलीत आपोआप उलटलं. चड दिलां काय. त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. इतकी वर्षं त्या रस्त्याला राहून, त्या बाजारातलं खाऊन, त्याने एका माणसाचा साधा शब्द ऐकला नव्हता, आणि वर त्यालाच बोलायला शिकवलं होतं.

संतोषला बरोबर घेऊन त्याने गाडी बाहेर काढली, आणि या खेपेला चढाकडे न नेता शेताकडेच्या सरळ रस्त्याला नेली. रेस हळू वाढवली तर थरथर बारीक, एकदम दिली तर सीटखालून धडधडत वर येणारी. पाय काढला की कमी. वेगात असतानाच गिअर सुटा केला, तेव्हा चाकं तशीच पळत होती, पण थरथर विरली. म्हणजे चाकांचा दोष नाही. उभ्या गाडीत रेस दिली तर काही नाही, म्हणजे इंजिनाचा नाही, आणि हे तर त्याने गेल्या वर्षीही बघितलं होतं. इंजिन आणि चाकं, दोघं निर्दोष. जोर एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणारा मधला शाफ्ट तेवढा उरला. नवशिक्याला सुचावं असं हे होतं. गेल्या वर्षी त्याला सुचलं नाही, कारण गेल्या वर्षी त्याला निदान आधीच मिळालं होतं.

तो गाडीखाली गेला. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून इकडेतिकडे पिळला. मागच्या जॉइंटात कट्‌कन आवाज आला आणि शाफ्ट बोटभर हलला. जॉइंटाचा क्रॉस गेला होता. शाफ्टला वाकत फिरता यावं म्हणून तिथे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा असतो, त्याच्या चार टोकांना सुईएवढ्या लोखंडी काड्यांची बेअरिंगं. ती कोरडी पडून झिजली होती. हा गाडीचा मूळचा रोग, सगुण पहिल्यांदा आला तेव्हाचा. तेव्हा शाफ्ट केरबाच्या हातात होता. नुसता पिळून बघितला असता तरी कळलं असतं.

पण तेवढ्यावर भागलं नाही. थरथर त्याच्या कामानंतर वाढली होती, ती का, हे त्याला बघायचं होतं, आणि बघायची भीतीही वाटत होती. शाफ्टचे दोन तुकडे दाते बसवून एकमेकांत सरकवलेले असतात. ते कसेही बसतात, पण कसेही बसवून चालत नाहीत. दोन्ही टोकांचे जॉइंट एका रेषेत यावेत म्हणून कारखान्यातूनच दोन्ही तुकड्यांवर बाणाची खूण येते, बाणाला बाण भिडवायचा. केरबाने डिझेलच्या फडक्याने काळा रंग घासून काढला. एक बाण निघाला. दुसरा त्याच्यासमोर नव्हता, दाताभर बाजूला सरकलेला होता. काढताना खूण बघितली नव्हती, चढवताना अंदाजाने चढवला होता आणि वर रंग फासून स्वतःचीच चूक झाकून टाकली होती. तो तिथेच उताणा पडून राहिला. बाहेरून संतोषने विचारलं, काय सापडलं का मेस्त्री.

संतोषला त्यातलं काही कळणार नव्हतं. क्रॉस झिजला होता, तो कधीही झिजतो, नवा घातला, झालं, असं सांगून गाडी लावून दिली असती तर जगात कोणाला पत्ता लागला नसता. हा विचार केरबाच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. चांगला दोनदा आला.

शाफ्ट उतरवून त्याने व्हाइसच्या जबड्यात धरला आणि जुना क्रॉस ठोकून बाहेर काढला. काड्यांच्या जागी तांबूस भुगा निघाला. नवा क्रॉस बसवला, चारी टोकांना ग्रीस भरलं, खाचेत लॉक घातले, हाताने वाकवून बघितलं, कुठे अडत नाही ना. मग बाणाला बाण भिडवून शाफ्ट चढवला, बोल्ट आवळले. रंगाच्या डब्याकडे त्याने बघितलं नाही. सरळ रस्त्यावर गाडी नेऊन एकदम रेस दिली, तेव्हा ती घसरगुंडीवरून पोर जावं तशी गेली. संतोष खूश झाला. केरबाला त्या गुळगुळीत गाडीत बसवेना.

जेवताना त्याने भात नुसता चिवडत ठेवला तेव्हा उषाने विचारलं, आणि त्याने तिला सगळं सांगितलं. तिने रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, “चढ म्हंजे कुठला चढ, म्हणून एकदा तरी इचारायचं न्हाई व्हय त्यास्नी?” तो ताटावरून उठला आणि गाडीशी थांबलेल्या संतोषला म्हणाला, मीबी येतो तुयेला.

सगुणाचं घर वसाहतीच्या खालच्या अंगाला. त्याची बायको रुक्मिणी अंगणात सुपाऱ्या वाळवत होती. डिचोलीचा मेस्त आलाय म्हटल्यावर तिने पदर सारखा केला, पण “या” म्हणाली नाही. सगुण मात्र लगबगीने बाहेर आला, ओसरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या अगत्याने केरबाची मान आणखी खाली गेली. येताना वाटेत त्याने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. शेवटी तो म्हणाला, दोष गाडीत होता. पहिल्यापासून होता. मी बघितला नाही, आणि वर माझ्या हाताने एक वाढवून ठेवला. तुमच्या हातात कधीच काही नव्हतं.

सगुणाने विचारलं, खरंच? तो ‘खरंच’ इतका बारीक होता की केरबाला रडू आलं. त्याने चड आणि चढाची हकीकत सांगायला सुरुवात केली, मी तुमचा शब्द ऐकला नाही, मला वाटलं तुम्ही चढ म्हणताय. सगुणाने त्याला मध्येच थांबवलं.

“तां माका ठावक आसा, मेस्त्री. तुमी गाडी चढार व्हरलात, तेवाच माका कळलां.”

केरबाने विचारलं, मी गाडी चढावर नेली तेव्हाच कळलं होतं, मग सांगितलं का नाही?

“सांगूक गेलंय. पण तुमी सगळ्यांमुखार माका मोर्च्याचा म्हटलात. मागीर माझ्या तोंडात कोंकणी शब्द इलो, असां कसां सांगू? माका लज दिसली.” त्याने तांब्या बाजूला सरकवला. “आनी मागीर सगळेच म्हणूक लागले, सगुणाचो हात गेलो. इतकीं माणसां म्हणतत म्हटल्यार माकाच खरां दिसूक लागलां.”

रुक्मिणी सुपाऱ्या सोडून उठली आणि आत निघून गेली. ती आत जाऊन रडली की काय, केरबाला कळलं नाही, विचारायची छातीही नव्हती. लाज दोघांनाही वाटली होती, पण एकाची लाज दुसऱ्याने त्याच्या गळ्यात घातलेली होती, आणि ज्याने घातली तो वर्षभर मजेत होता.

केरबाने संतोषकडून गाडीची किल्ली घेऊन पुढे केली. सगुण नको नको म्हणाला, सवय गेली म्हणाला. शेवटी बसला. पहिला गिअर घालताना त्याचा हात खरोखर थरथरत होता आणि केरबा खिडकीबाहेर बघत राहिला. वसाहतीच्या सरळ रस्त्याला लागल्यावर सगुणाने पाय दाबला, मग आणखी दाबला. गाडी निमूट पळाली. सगुणाचे खांदे हळूहळू खाली आले, आणि तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर त्याने गाडी अशी अलगद उभी केली की केरबाला ब्रेक लागलेला कळलासुद्धा नाही.

तिठ्यावर कृष्णनाथचं दुकान. बाकावर चार माणसं बसलेली. सगुण गाडी चालवत आला हे बघून ती एकमेकांकडे बघू लागली. केरबाला सगुणाने उतर म्हटलं नव्हतं, पण तो उतरला. ज्या गोष्टीची सुरुवात चार माणसांपुढे झाली ती चार माणसांपुढेच संपवायला हवी, असं त्याला वाटलं. बाकापुढे उभं राहून त्याने सगळं सांगितलं, क्रॉस, बाण, काळा रंग, आणि न ऐकलेला शब्द. मी डिचोलीचा मेकॅनिक, चूक माझी, या माणसासारखा ड्रायव्हर तुमच्या गावात दुसरा नाही, असं म्हणून तो थांबला.

माणसांनी नीट ऐकून घेतलं. कोणी हसलं नाही. एकाने “बरां केलात, येवन सांगलात” असंही म्हटलं. कृष्णनाथने सगुणाकडे मायेने बघितलं, खरोखर मायेने, आणि सगळ्यांच्या वतीने निवाडा दिला.

“म्हणजे आमच्या थरथऱ्याची कायच चूक नासली.”

“नासली, नासली,” चूक नव्हतीच, असं बाकावरची माणसं म्हणाली. थरथऱ्याचो हात म्हणजे हातच, असंही कोणी म्हणालं. आणि सगुणाने केरबाने ठेवलेल्या त्या नावाला ओ दिल्यासारखी मान हलवली, हसला आणि मेस्त्रीसाठी चहा सांगितला. केरबाने तो चहा खाली मान घालून घेतला.